झिंगराजीचा डेबू



इचोड्याहून उत्तरेकडे निघालेली मोटार गुडिहतनूर व आदिलाबाद मागे टाकून पैनगंगेच्या पुलावर आली, की पलीकडे वऱ्हाड लागते. जमीन तीच काळी, कापूस तोच, आणि बोलीही आपल्या कानांना परकी वाटू नये अशी. आज नदीच्या अलीकडे तेलंगण आणि पलीकडे महाराष्ट्र असला, तरी ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी दोन्ही काठ निजामाचेच म्हणविले जात. वऱ्हाडचा कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. त्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव (हल्ली शेंडगाव म्हणतात) या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी मुलगा जन्मला. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जानोरकर. मुलाला डेबू म्हणत. पुढे हाच डेबू गाडगेमहाराज या नावाने साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाला.

हे गृहस्थ आपल्या मंडळीतले नव्हते. मग त्यांचे चरित्र या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. इचोड्याच्या बाजूला शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्यांनी दारूविषयी काही द्या म्हणून आम्हांस सुचविले. दारूने यकृत बिघडते हे मुलांना सांगितले तर मुले मान डोलावतात आणि विसरतात. पण दारूने एका आठ वर्षांच्या मुलाचा बाप कसा नेला, आणि त्या मुलाने मोठेपणी काय केले, हे सांगितले तर विसरत नाहीत. शिवाय गाडगेमहाराजांच्या चरित्रात दारूची गोष्ट कोठे तरी मधेच येत नाही. ती अगदी पहिल्या पानावर येते.

झिंगराजी मुळात वाईट माणूस नव्हता. घरची थोडी शेती होती, जातीचा धंदा होता, बायको कष्टाळू होती. दारू त्याच्या घरी गुत्त्यातून आली नाही, देवाच्या नावाने आली. त्या काळी त्याच्या समाजात कंदोरीची चाल होती. देवाला बकरे कापायचे, जातभाईंना जेवू घालायचे, आणि त्या जेवणात दारू असायचीच. जो पाजणार नाही तो कंजूष, आणि जो पिणार नाही तो जातीचा नव्हे. आज याच्या अंगणात, उद्या त्याच्या. अशा पंक्तींत बसता बसता झिंगराजीला कंदोरीची वाट पाहवेना, आणि सणावारी घेतलेली गोष्ट रोजची झाली. आमच्याकडे कोणी दारूविषयी बोलू लागला की एखादा हुशार गृहस्थ काना गावच्या लग्नाची आठवण काढतोच. त्याच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. झिंगराजीचा पहिला पेलाही पवित्र समजल्या जाणाऱ्या पंक्तीतच भरला गेला होता, एवढेच त्याच्या कानावर घालतो.

पुढे जे झाले ते आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी कोणा ना कोणाच्या घरी पाहिलेले आहे. प्रथम कामाचा एखादा दिवस बुडू लागला, मग आठवडे. घरातली भांडी गेली, जनावरे गेली, शेत गेले. सखूबाईंनी रडून पाहिले, समजावून पाहिले. अखेर शेणगावचे घर सोडून नातलगांच्या आश्रयाला जाण्याची पाळी आली, आणि तोवर झिंगराजीचे शरीरही हातचे गेले होते.

येथे चरित्राचा धागा थोडा वेळ बाजूस ठेवून, असे शरीर हातचे कसे जाते ते सांगितले पाहिजे. कारण झिंगराजीच्या काळी गावात ते कोणास कळत नव्हते, आणि आज कळत असूनही सांगितले जात नाही. अन्न पोटात गेल्यावर पचावे लागते. दारूला पचावे लागत नाही. ती जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिचे विष उतरविण्याचे काम मुख्यतः यकृताकडे, म्हणजे आपण ज्याला काळीज म्हणतो त्या अवयवाकडे असते. यकृत हे काम आपल्या चालीने करते; तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क, याहून फार अधिक नाही. लिंबू पिऊन, गार पाण्याने आंघोळ करून किंवा ओकून ही चाल वाढत नाही. रोज त्याच्यावर जादा भार पडू लागला की त्यात प्रथम चरबी साठते. या पायरीवर दुखत काहीच नाही, म्हणून पिणारा छाती ठोकून सांगतो की मला काही होत नाही. पुढे यकृताला सूज येते, आणि शेवटी त्याचा मऊ मांसल भाग जाऊन तेथे जून जखमेच्या वणासारखे कठीण तंतू धरतात. मग डोळे पिवळे होतात, हातपाय काड्यांसारखे आणि पोट पाण्याने फुगलेले अशी अवस्था येते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. पहिल्या पायरीवर दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत होते, हे मात्र आवर्जून सांगावे. शेवटच्या पायरीवर वण जात नाही. तरीही सोडणारा न सोडणाऱ्यापेक्षा अधिक दिवस जगतो.

आणि नुकसान एकट्या यकृताचे होत नाही. जो पितो तो जेवत नाही, म्हणून ब जीवनसत्त्व तुटते. हातापायांना मुंग्या येतात, स्मरण जाते. क्षयाला अशा शरीरात वाट सापडते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. गरोदर स्त्रीने घेतली तर ती पोटातल्या बाळापर्यंत जाते आणि त्याच्या मेंदूची वाढ खुंटविते. थोडी औषधापुरती घेतली तर हृदयाला बरी असते, असे पूर्वी डॉक्टरही म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की निर्धोक म्हणता येईल असे दारूचे प्रमाणच नाही. त्याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०१९ या एका वर्षी दारूपायी जगभर सुमारे २६ लाख माणसे मेल्याचा हिशेब आहे. त्यांत सुमारे २० लाख पुरुष होते, म्हणजे बहुतेक कोणाचे तरी बाप किंवा मुलगे.

असो. १८८४ साली झिंगराजी गेला. शेवटच्या दिवसांत त्याला पुष्कळ पश्चात्ताप झाला, असे चरित्रांत सांगितले आहे. ज्या देवांच्या नावाने कंदोऱ्या केल्या त्यांचे टाक घरात ठेवू नकोस आणि डेबूला या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे त्याने सखूबाईंना बजावले म्हणतात. मरणाऱ्या बापाने मुलासाठी मागे काय ठेवावे? झिंगराजीजवळ शेत नव्हते, घर नव्हते. ही एक ताकीद होती, तीच त्याने ठेवली. आणि सखूबाईंनी ती जन्मभर सांभाळली.

या माउलीविषयी चरित्रकार थोडकेच लिहितात. आमच्या मते निम्मे चरित्र तिचे आहे. नवरा गेलेला, पदरात मूल, अंगावर कर्जाची आणि लोकनिंदेची ओझी. ती मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी बाप हंबीरराव व भाऊ चंद्रभान यांच्याकडे गेली. भावाच्या घरी राहणाऱ्या विधवेला फुकट जेवण नसते. ती घरात व शेतात राबली, आणि डेबू गुरांमागे गेला. शाळा त्याने पाहिली नाही. पण गुरे राखण्यात, नांगर धरण्यात आणि पोहण्यात त्याचा हात कोणी धरीना. रात्री तो भजनाला बसे, आणि त्या भजनात गावाने दूर ठेवलेल्या जातींची मुलेही त्याच्याजवळ असत. आठ वर्षांचा असता ज्याने बापाचे फुगलेले आणि खंगलेले दिवस पाहिले, तो जाणता झाला तरी पंक्तीतल्या पेल्याला शिवला नाही. दारूड्याचा मुलगा दारूडाच निघणार, हे आपल्याकडे विधिलिखित असल्यासारखे बोलतात. अशा मुलांना धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे खरे. पण धोका अधिक असणे निराळे आणि तसेच होणार असे ठरून जाणे निराळे. शब्बाथ शाळेत आपल्यासमोर जी मुले बसतात त्यांतल्या काहींना हा फरक कोणी तरी समजावून सांगण्याची फार गरज आहे.

१८९२ साली डेबूजीचे लग्न कमालपूरच्या खल्लारकरांच्या कुंताबाईंशी झाले. यानंतर मामावर सावकाराचे संकट आले. चंद्रभानाने विश्वासाने अंगठे दिले होते. कागदावर काय लिहिले आहे ते त्यास वाचता येत नव्हते. जमीन गेली आणि त्या धसक्याने मामाही गेला. डेबूजीने शेतावर हक्क सांगून नांगर धरला आणि सावकाराच्या माणसांपुढे मागे हटला नाही, ही हकीकत वऱ्हाडात अजून सांगतात. आम्हांस त्यातला एकच मुद्दा घ्यावयाचा आहे. बाप दारूने बुडाला आणि मामा कागदाने. आणि दोन्ही वेळा घराचे शेत गेले. पुढे ते कीर्तनात दारू, कर्ज आणि निरक्षरता यांच्याविषयी एका दमात बोलत, त्याचे मूळ येथे आहे. त्यांना ते तीन विषय वाटतच नसत.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही लेखणी हाती घेतली तो प्रसंग. डेबूजीला पहिली मुलगी झाली, आलोकाबाई. बारशाला जातभाई येणार होते. बारसे म्हटले की बकरे आणि दारू, हे ठरलेले. त्यात कोणाला काही विचारावयाचे नसे. डेबूजीने पाहुण्यांपुढे गोड जेवण ठेवले. बुंदीचे लाडू वाढले. मटण नाही, दारूही नाही. पंक्तीत कुजबूज झाली, मग उघड नाराजी झाली. जातीची रीत मोडली, देव कोपेल, पाहुण्यांचा अपमान झाला, असे बोल उठले. डेबूजी डगमगला नाही. त्याने कोणाशी भांडण काढले नाही आणि वाढणेही थांबविले नाही.

वाचकांना वाटेल, यात मोठे ते काय? लाडू वाढले, एवढेच ना? पण आपल्या इकडच्या चालीरीती मनात आणून पाहा. लग्न, बारसे, दहावा, घराची वास्तू, कापूस विकून हाती आलेला पैसा, पंचायतीची निवडणूक, या प्रत्येकाला बाटली लागते. गोंड बांधवांच्या पूजेअर्चेत मोहाच्या दारूला पिढ्यान्‌पिढ्या स्थान आहे, आणि त्यांच्यातलीच शहाणी माणसे आता तीविषयी पुनर्विचार करीत आहेत; बाहेरून बोटे दाखविण्याचे आपल्याला कारण नाही. मोहाचे झाड तर निर्दोष आहे. त्याचे फूल वाळवून खातात, बियांचे तेल काढतात. आणि आपली स्वतःची घरे? सकाळी मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा होतो, पाळकसाहेब जेवून जातात, आणि मग घराच्या मागल्या अंगाला काही पुरुष मंडळी गोळा होतात, हे आम्ही पाहिलेले आहे. यजमान स्वतः पीत नसतो, पण पाहुणे रागावतील म्हणून तोच पैसे देतो. यजमानाची ती भीती डेबूजीच्या अंगणात होती तेवढीच आजही आहे. पहिला पेला पुष्कळदा असा पाहुणचाराच्या भीडेतूनच हाती येतो. तहान त्याच्यामागून येते. डेबूजीने बारशाच्या दिवशी ती भीड मोडली, आणि तीही उपदेश करून नव्हे तर जेवण वाढून मोडली. लाडवांना पैसे लागतात. फुकटचा सुधारक तो नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. पहाटे उठून गेला तो संसारी माणूस म्हणून परत आला नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर किंवा हातात मातीच्या मडक्याचा तुकडा, तेच खाण्याचे भांडे आणि तीच टोपी. त्या गाडग्यावरून लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. या गृहत्यागाची चरित्रांत फार स्तुती आहे. आम्हांस ती तेवढी मोकळ्या मनाने करवत नाही. घरी म्हातारी आई होती, बायको होती, लहान मुले होती. सखूबाईंचा नवरा दारूने नेला आणि मुलगा लोकसेवेने. चूल पेटविण्याची चिंता दोन्ही वेळा तिच्याकडेच राहिली, आणि दुसऱ्या वेळी कुंताबाई तिच्या जोडीला होत्या. बापाचे जाणे आणि मुलाचे जाणे सारखे नव्हते, हे उघड आहे. तरी या दोघी बायकांचे कष्ट हिशेबातून वगळून मुलांना हे चरित्र शिकवू नये, असे आम्हांस वाटते.

पुढल्या पन्नास वर्षांची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. बाबा गावात येत ते हाती खराटा घेऊन. दिवसभर गावच्या गल्ल्या, नाल्या झाडीत. रात्री त्याच गावात कीर्तन करीत. ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी जत्रा भरते. तेथे पूर्णेच्या काठी यात्रेकरू चिखलात घसरत, तेथे १९०८ साली त्यांनी घाट बांधविला. पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभारली, जेथे ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांना उतरता येई. ती १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमत, आणि ते स्वतः खापरात भाकरी मागून खात. आपल्या माणसांना त्यांनी या संस्थांत मालकी दिली नाही. १९२३ साली मुलगा गोविंद वारल्याची बातमी त्यांस कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मिळाली, आणि कीर्तन थांबले नाही.

त्या कीर्तनांत दारूविषयी ते कसे बोलत, हे शिक्षकांच्या उपयोगाचे आहे. ते व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारीत. समोरच्या शेतकऱ्याला, धोब्याला, मजुराला त्याच्याच बोलीत विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. तुझी मिळकत किती, गुत्त्यात किती गेले, पोराच्या पाटीला किती उरले, बायकोच्या अंगावर लुगडे कसे आहे. हिशेब जमावातल्या माणसानेच करावयाचा आणि त्यानेच मोठ्याने सांगावयाचा. लोक हसत, आणि हसता हसता खाली पाहत. रोगाचे भय ते फारसे घालीत नसत. ते दारूड्याच्या घरातली माणसे एकेक करून सर्वांसमोर उभी करीत. ताटे विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे असे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका आणि दारू पिऊ नका, ही तिन्ही एकाच ओघात येत. यातले प्रत्येक कलम त्यांच्या स्वतःच्या घरातून निघालेले होते. पण बापाची बदनामी करून टाळ्या मिळविणारे ते नव्हते.

कीर्तनाच्या शेवटी शेकडो माणसे हात वर करून दारू सोडण्याची शपथ घेत. येथे आम्ही एक सावधगिरीची सूचना करून ठेवतो, कारण आजच्या वैद्यकाने जे कळले आहे ते त्या काळच्या कीर्तनमंडपात कोणास ठाऊक नव्हते. अधूनमधून पिणाऱ्याने शपथ घेऊन तेथल्या तेथे सोडली तर उत्तमच. पण जो वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, सकाळी उठल्यावर ज्याचे हात घेतल्यावाचून स्थिर होत नाहीत, त्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोनतीन दिवसांत घाम, थरकाप, फेफऱ्यासारखे झटके आणि भ्रम येऊ शकतो. त्यात जीवही जातो. त्या झटक्यांना भूतबाधा समजून मांत्रिकाकडे नेणारी घरे आपल्या इकडे आहेत, आणि घाबरून पुन्हा दारूच पाजणारीही आहेत. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात न्यावे. डॉक्टर थोडे दिवस औषध देऊन ही पायरी सुखरूप उतरवितात. भेसळीच्या ताडीची गोष्ट याहून वाईट आहे. आपल्या तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळल्याचे पुष्कळ वेळा उघडकीस आले आहे, आणि ती ताडी बंद होताच माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागल्याचेही. शपथ घेणाऱ्याला सोबत लागते, तीही एका रात्रीची नव्हे. अमेरिकेत १९३५ साली दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना धरून ठेवण्यासाठी जी बैठक सुरू केली तिच्या शाखा आज जगभर आहेत. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे केंद्र काढले, तेथे उपचारानंतरही माणसाची पाठ सोडीत नाहीत. बाबांना ही सोबतीची बाजू जमली नाही, कारण ते एका गावी रात्रीपुरते थांबत. ते काम गावात राहणाऱ्यांचे आहे.

कायद्याने दारू जाईल का, हा प्रश्न बाबांच्या हयातीतच उभा राहिला होता. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. पैनगंगेपलीकडे वर्धा जिल्ह्यात १९७५ साली बंदी आली, गडचिरोलीत १९९३ साली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आपल्याकडे नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या साक्षरतावर्गातील बायकांनी १९९२ साली साऱ्याविरुद्ध जी चळवळ उभारली तिच्यामुळे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात १९९३ साली सारा बंद झाला, आणि १६ जानेवारी १९९५ पासून संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ साली ती उठविली गेली. बंदीच्या काळात चोरटा गुडुंबा गाळला गेला हे खरे. आणि घराघरांत चूल वेळेवर पेटू लागली हेही तितकेच खरे. आता खेडोपाडी बेल्ट शॉप आहेत, ज्यांना परवाना नाही पण गिऱ्हाईक आहे. सरकारने काय करावे यावर आमचे वाचक एकमत होतील असे वाटत नाही. बारशाला काय वाढावयाचे, याचा हुकूम मात्र हैदराबादेहून येत नसतो. तो घरातच ठरतो. ज्या दुबगुंट्याच्या बायकांनी गाव हलविले त्यांनीही प्रथम आपल्याच गावच्या दुकानाचे दार गाठले होते.

एक गोष्ट या चरित्रात आम्हांस विशेष वाटते. बाबांनी आपला कोणी शिष्य मानला नाही आणि स्वतःस कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही. पाया पडू आलेल्याला ते पाठ दाखवीत, क्वचित खराटाही. दारू सोडलेल्या माणसाने ती बाबांच्या कृपेने सुटली असे म्हटलेले त्यांस आवडत नसे. ज्याची त्याने सोडलेली आहे, असाच त्यांचा भाव असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली. हैदराबाद राज्य मोडले. आपला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट व राजुरा मुंबई राज्यास मिळाले, आणि वऱ्हाडही मुंबई राज्यात गेले. त्याच महिन्याच्या ८ तारखेस बाबांनी मुंबईत वांद्रे येथे कीर्तन केले. ते त्यांचे शेवटचे मोठे कीर्तन ठरले. प्रकृती ढासळली होती तरी हिंडणे थांबले नव्हते. डिसेंबरच्या ६ तारखेस डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. वय ऐंशी वर्षांचे होते. ज्या शेणगावात झिंगराजीचे घर आणि शेत गेले ते याच जिल्ह्यात आहे. समाधी अमरावतीस आहे. त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.